कमरेचे काडतूस, खांद्याची रायफल

भुईमूग काढणीला आला आहे. रात्रभर माळ्यावर बसून तुम्ही पत्र्याचा डबा बडवला, दोन-चार फटाके उडवले. पहाटे पहाटे डोळा लागला, आणि तेवढ्या तासाभरात रानडुकरांच्या कळपाने बांधापासून विहिरीपर्यंतचे रान उकरून ठेवले. हे ज्याच्या वाट्याला आले आहे त्याला आम्ही निराळे काय सांगावे?

पण वाचकहो, हेच दुखणे सातासमुद्रापलीकडे अमेरिकेतल्या टेक्सास राज्याच्या शेतकऱ्यालाही लागलेले आहे. तिथली डुकरे मुळात तिथली नव्हेत. १५३९ साली हर्नांडो द सोतो नावाचा स्पॅनिश सरदार फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर उतरला, तेव्हा त्याने फौजेला शिधा म्हणून डुकरे बरोबर नेली होती. त्यांतली काही रानात पसार झाली. पुढे वसाहतवाल्यांची मोकाट सुटली, नंतर हौशी लोकांनी शिकारीसाठी युरोपातली रानडुकरे आणून सोडली. आता अमेरिकेच्या कृषी खात्याच्या अंदाजाप्रमाणे त्या देशात साठ लाखांच्या आसपास मोकाट डुकरे आहेत आणि तीसहून अधिक राज्यांत त्यांचा उपद्रव आहे. टेक्सासात तर १ सप्टेंबर २०१९ पासून जमीनमालकाची संमती असली की खासगी जमिनीवर डुक्कर मारायला शिकारीचा परवानादेखील लागत नाही.

आपल्याकडचा कायदा निराळा आहे, हे आधीच सांगून टाकू. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली वनखात्याच्या परवानगीवाचून रानडुकराला हात लावता येत नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्यात पीकरक्षणासाठी म्हणून ज्या हत्याराचे नाव घेतले आहे ती ठासणीची बंदूक, पुढून दारू भरायची. तेव्हा पुढे जे वाचाल ते घरी करून बघण्यासाठी नाही. तिकडचा शेतकरी ज्या रायफलीकडे हात नेतो ती शेतीच्या अवजारांइतकीच त्याच्या घरातली आहे, आणि तिच्याबाबत तो जी एक चूक वारंवार करतो ती आपल्याला फार ओळखीची आहे. छोट्या ट्रॅक्टरला मोठा नांगर जोडायचा, औषधाची मात्रा दुप्पट केली तर गुण दुप्पट येईल असे समजायचे, त्याच जातीची ही चूक. म्हणून हा विषय घेतला.

तर ही रायफल कसली? इंग्रजीत तिला लिव्हर ॲक्शन म्हणतात. आपण कडीची रायफल म्हणू. घोड्याभोवती, म्हणजे बोटाने ओढायच्या चापाभोवती, एक लोखंडी कडी असते. ती खाली ओढून पुन्हा वर घेतली की रिकामे पुंगळे बाहेर उडते आणि नवे काडतूस नळीत जाऊन बसते. काडतुसे ठेवायला नळीच्या खाली दुसरी एक लांब नळी असते. तिच्यात ती एकामागे एक, आगगाडीच्या डब्यांसारखी आडवी बसलेली असतात आणि स्प्रिंग त्यांना मागे रेटत असते. आपल्या देशातही ही जात अगदीच अनोळखी नव्हती. बंगळूरचे शिकारी-लेखक केनेथ अँडरसन यांच्या हातात असायची ती .४०५ विंचेस्टर कडीचीच होती. पण ती मोठ्या काडतुसाची. आपण बोलणार आहोत ते पिस्तुलाचे काडतूस खाणाऱ्या धाकट्या बहिणीबद्दल.

पिस्तुलाचे काडतूस रायफलीत घालायची बुद्धी कोणाला सुचली? गरजेला सुचली. १८७३ मध्ये विंचेस्टर कंपनीने आपली नवी कडीची रायफल बाजारात आणली. तिच्या काडतुसात २०० ग्रेनची गोळी आणि ४० ग्रेन काळी दारू भरलेली असे, म्हणून त्याला चव्वेचाळीस-चाळीस असे नाव पडले. पाच वर्षांनी, १८७८ साली, कोल्ट कंपनीने आपले सहाबारी पिस्तूल त्याच काडतुसासाठी बनवून दिले. झाले! गुराख्याला कमरेच्या पट्ट्यात एकाच जातीची काडतुसे ठेवता येऊ लागली. खोगिराला लटकवलेली रायफलही तीच खाणार आणि कमरेचे पिस्तूलही तेच खाणार. जिथे दुकान दोन दिवसांच्या वाटेवर आहे तिथे ही सोय केवढी मोठी, हे खेड्यातल्या माणसाला समजावून सांगायला नको. घरात डिझेलचे एकच पिंप असावे आणि त्यावर पंपही चालावा नि ट्रॅक्टरही, अशातली गोष्ट.

या सोयीला आणखी एक लाभ चिकटून आला. पिस्तुलाची नळी वीतभर, रायफलीची हातभर. दारू पेटली की तिचा वायू गोळीला ढकलतो. वीतभर नळीत त्याचे ढकलणे पुरे होण्याआधीच गोळी तोंडाबाहेर पडते आणि उरलेला जोर हवेत जातो. हातभर नळीत तोच वायू आणखी काही अंतर ढकलत राहतो. आजच्या .४४ मॅग्नम काडतुसाचे आकडे घ्या. २४० ग्रेनच्या गोळीला कंपन्यांच्या तक्त्यांत पिस्तुलातून सेकंदाला ११८० फुटांचा वेग दिलेला असतो, आणि तेच काडतूस २० इंची रायफलीतून १७६० फूट दाखवते. वेग दीडपट झाला. पण गोळीचा मार वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे तो सव्वादोन पट झाला. काडतूस तेच, दारू तीच, किंमतही तीच. वाढली ती फक्त नळी.

आता जड गोळीकडे येऊ. त्याआधी ग्रेन म्हणजे किती, हे मनात बसवून घ्या. ग्रेन म्हणजे दाणा. हे मूळचे धान्याच्या दाण्याचे वजन, आपल्या गुंजेसारखे. इंग्रजांनी १८३३ साली तोळ्याचे माप पक्के केले तेव्हा एक तोळा बरोबर १८० ग्रेनचा धरला आणि चांदीचा रुपयाही तेवढ्याच वजनाचा पाडला. आजीच्या गाठोड्यात राणीछाप रुपया असेल तर तळहातावर ठेवून पाहा. तेच १८० ग्रेन. .३५७ मॅग्नम या काडतुसात जी गोळी भारी समजली जाते तिचे वजन नेमके एवढेच असते. .४४ ची नेहमीची २४० ग्रेनची गोळी म्हणजे एक तोळा नि वर तिसरा हिस्सा. आणि ज्या ‘जड’ गोळीवरून तिकडचे शेतकरी पारावर बसल्यासारखे वाद घालतात ती ३०० ग्रेनची, म्हणजे पावणेदोन तोळ्यांना थोडी कमी.

जड गोळी हवी कशाला? ज्याने गोफण फिरवली आहे त्याला उत्तर माहीत आहे. लहान खडा झपकन जातो पण लागला तर नुसता चटका देतो. मूठभर गोटा सावकाश जातो आणि बसला की बसला. मोठ्या नर डुकराच्या खांद्यावर कूर्चेसारखी चिवट, जाड ढाल असते. हलकी, मऊ शिशाची, फार वेगाची गोळी तिथे फुलून थांबण्याची भीती असते. शिशात कथील आणि अँटिमनी घालून ओतलेली कडक, चपट्या तोंडाची जड गोळी मात्र सरळ आत घुसते आणि हाड फोडून पलीकडे निघते. जनावर जखमी होऊन काट्यात शिरण्यापेक्षा जागीच पडलेले बरे, हे तिकडच्या जाणत्यांचेही मत आहे.

या जड गोळीचा मोठा पुरस्कर्ता एल्मर कीथ. आयडाहो राज्यातल्या सॅमन गावाकडचा हा गुरे राखणारा, घोडी वठणीवर आणणारा गडी. कमरेच्या पिस्तुलात जड गोळी आणि भरपूर दारू घालून तो वर्षानुवर्षे प्रयोग करीत राहिला आणि मासिकांतून लिहीत राहिला. त्याच्या आग्रहातूनच स्मिथ अँड वेसन आणि रेमिंग्टन या कंपन्यांनी मिळून १९५५ च्या अखेरीस .४४ मॅग्नम काढले. १९६९ मध्ये मार्लिन कंपनीने आपली जुनी १८९४ ची कडीची रायफल या काडतुसासाठी पुन्हा बनवायला घेतली, आणि शंभर वर्षांपूर्वीची ती एकाच काडतुसाची सोय नव्या जोमाने घरोघर आली. गंमत अशी की कीथच्या आवडत्या गोळीला पुढच्या बाजूला जी धारदार खांदाडी असते ती पिस्तुलात उत्तम चालते, पण कडीच्या रायफलीत पुष्कळदा नळीच्या तोंडाशी अडखळते. पिस्तुलात काडतूस हाताने सरळ भोकात बसवायचे असते. रायफलीत ते आडव्या नळीतून पाळण्यावर येते, पाळणा त्याला वर उचलतो, आणि मग ते तिरके होऊन आत शिरते. गोल उतरत्या खांद्याची गोळी घसरत जाते, खांदाडीची अडते. समोर डुक्कर उभे आहे, कडी अर्ध्यात थांबली आहे, अशा वेळी माणसाच्या तोंडून काय शब्द निघत असतील ते तुम्हीच ताडा.

लांबीचाही असाच अडथळा. गोळीची जाडी ठरलेली, नळीएवढी. मग वजन वाढवायचे तर लांबीच वाढणार. पाळण्याला ठराविक लांबीपेक्षा मोठे काडतूस उचलता येत नाही. म्हणून जड गोळी पुंगळ्यात खोल दाबून बसवावी लागते. खोल बसवली की दारूची जागा कमी झाली, आणि जागा कमी झाली की दाब वाढला. एक दोरी ओढली की दुसरी ताणते, तसे हे प्रकरण आहे.

पण खरी मेख आहे ती नळीतल्या पिळाची. इथे जरा थांबू, कारण मंडळी, सगळा घोळ इथे होतो.

रायफलीच्या नळीत आतून आटे कोरलेले असतात. ते गोळीला गरगर फिरवतात. कशाला? भोवऱ्याला दोरी गुंडाळतो त्याच कारणासाठी. जोरात फिरणारा भोवरा टोकावर ताठ उभा राहतो आणि फिरका कमी झाला की डुलायला लागून आडवा पडतो. गोळीचेही तसेच. फिरका पुरेसा असला तर ती नाक पुढे करून जाते, कमी पडला तर हवेत कोलांट्या खाते. ३८ इंचांना एक फेरा असेल तर त्याला सैल पीळ म्हणायचे, २० इंचांना एक असेल तर घट्ट.

गोळीला किती पीळ लागतो हे तिच्या वजनापेक्षा लांबीवर ठरते. लांबुडका भोवरा उभा ठेवायला जास्त फिरका लागतो, बुटका थोड्यावर उभा राहतो. इंग्लंडात वूलविच येथे तोफखान्याच्या अधिकाऱ्यांना गणित शिकवणारे ग्रीनहिल नावाचे प्राध्यापक होते. त्यांनी १८७९ साली यासाठी एक साधा हिशेब काढून दिला. जाडीचा वर्ग करा, १५० ने गुणा, लांबीने भागा, आलेल्या इंचांना एक फेरा हवा. करून पाहू. .४४ च्या गोळीची खरी जाडी ०.४३ इंच असते (नावातला चव्वेचाळीस हा नुसता मान आहे, गावच्या पाटलासारखा). २४० ग्रेनची गोळी साधारण पाऊण इंच लांब. हिशेब येतो सुमारे ३७ इंचांचा. आता ३०० ग्रेनची घ्या. तिची लांबी नाकाच्या घडणीप्रमाणे ०.८५ इंचांच्या आसपास जाते. उत्तर येते ३२ ते ३३ इंच.

आणि मार्लिनच्या .४४ रायफलीला पीळ होता ३८ इंचांचा! म्हणजे २४० ग्रेनला जेमतेम पुरणारा. काळ्या दारूच्या जमान्यात २०० ग्रेनची आखूड गोळी असायची, तिला ३६-३८ इंचांचा पीळ भरपूर होता. तोच पीळ पुढे चालत आला. आजोबांच्या वेळच्या चाकोरीतून नातवाने मोठी गाडी न्यावी, तसे झाले.

तरी काही शेतकरी सांगतात, ‘आमच्या मार्लिनमधून ३०० ग्रेन छान जाते’, आणि ते खोटे बोलत नसतात. ज्यांची जात नाही तेही खोटे बोलत नसतात. फरक वेगाचा आहे. पीळ ३८ इंचांचा असला आणि गोळी १७६० फुटांनी निघाली तर ती सेकंदाला साडेपाचशेच्या वर फेरे घेते. त्याच नळीतून गोळी हजार फुटांनी सोडली तर फेरे उरतात ३१५. पूर्ण दारूवर जी गोळी कशीबशी ताठ राहते, ती कमी दारूवर डुलायला लागते. आणि बहुतेक लोकांचा बेत नेमका उलटा असतो! जड गोळी, कमी दारू, आवाज लहान, धक्का लहान, शेजाऱ्याची झोप मोडायला नको. बेत उत्तम, पण सैल पिळाच्या नळीत तो बसत नाही. घट्ट पिळाची, २० इंचांना एक फेरा देणारी नळी असेल तर हजार फुटांच्या वेगालाही ६०० फेरे मिळतात. रुगर कंपनीने २०२० साली मार्लिनचा धंदा विकत घेतल्यावर १८९४ रायफल पुन्हा बनवायला घेतली, तेव्हा .४४ ला हा २० इंचांचाच पीळ दिला. म्हणजे एकाच नावाच्या दोन रायफली. सासऱ्याकडची जुनी आणि जावयाने घेतलेली नवी. एकीला चाललेली गोळी दुसरीला चालेलच असे नाही.

एकाच नावाचा हा घोटाळा आणखी एका जागी होतो, आणि तिथे तो जिवावर बेततो.

१८७३ च्या विंचेस्टरमध्ये काडतुसाच्या मागचा दट्ट्या जागेवर धरून ठेवायला दोन पट्ट्यांचा सांधा आहे, आपल्या कोपरासारखा. हात ताठ केला की समोरून ढकललेला भार पेलतो, तशी ही युक्ती. काळ्या दारूच्या दाबाला ती पुरेशी होती. पुढे जॉन ब्राउनिंग या युटा राज्यातल्या ऑग्डेन गावच्या बंदूककाराने, जो स्वतः बंदूककाराचाच मुलगा, विंचेस्टरसाठी १८९२ ची रायफल रचली. तिच्यात दट्ट्याच्या दोन्ही अंगांना पोलादाच्या दोन उभ्या खुंट्या वर सरकून दाराच्या अडसरासारख्या बसतात. कोपर आणि अडसर यांच्या ताकदीत जो फरक, तोच या दोन रायफलींत. ब्राझीलच्या रॉसी कंपनीने याच १८९२ च्या बांधणीवर .४५४ कॅसल नावाच्या अति जहाल काडतुसाची रायफलसुद्धा बनवली, यावरून अडसराची ताकद कळावी. अर्थात ती नव्या पोलादाची. आजोबांची १८९२ तेवढी सोसेल असे कोणी समजू नये.

पण चव्वेचाळीस-चाळीस काडतूस दोन्ही जुन्या रायफलींत बसते. १९०३ च्या सुमारास विंचेस्टरने धूरविरहित दारूची जादा वेगाची काडतुसे काढली, १८९२ साठी. नाव तेच, आकार तोच, पुंगळ्याची लांबी तीच. पेटीवर सूचना होती की ही जुन्या १८७३ साठी नाहीत. पण पेटी फाटते. काडतुसे सुटी होतात, फडताळातल्या डब्यात पडतात, दहा वर्षांनी दुसऱ्याच कोणाच्या हाती लागतात. धूरविरहित दारूचे काडतूस हातात घेऊन पाहिले तर नुसत्या आकारावरून काही कळत नाही. दोन निरनिराळी औषधे एकाच जातीच्या बाटलीत ओतून माळ्यावर ठेवण्याचे परिणाम आपल्या गावांनी काही कमी भोगलेले नाहीत.

आजही हाच प्रकार .४५ कोल्ट काडतुसाच्या बाबतीत चालू आहे. हे १८७३ सालचे जुने काडतूस. त्याच्या दाबाची मान्य मर्यादा चौरस इंचाला १४,००० पौंड. .४४ मॅग्नमची मर्यादा ३६,०००. पण मजबूत नव्या हत्यारांसाठी म्हणून ३०० ग्रेनच्या वरच्या गोळ्यांची, दुप्पट दाबाची .४५ कोल्ट काडतुसे विकत मिळतात आणि लोक घरीही भरतात. पुंगळ्याच्या बुडावर मात्र नाव तेच, .४५ कोल्ट. जुन्या पिस्तुलात ते घातले तर सिलिंडर फुटू शकते. आणखी एक गंमत सांगतो. जुन्या जमान्यात .४५ कोल्टची कडीची रायफल बनलीच नव्हती, कारण त्या पुंगळ्याच्या बुडाची कड इतकी अरुंद होती की रायफलीच्या आकड्याला ती ओढून काढायला धरताच येत नसे. ही जोडी अलीकडची, पुंगळ्यांची घडण सुधारल्यानंतरची. तेव्हा कोणी ‘ही पणजोबांची .४५ कोल्ट विंचेस्टर’ म्हणून विकायला आला तर तिकडचे जाणते लोक हसतात आणि चहा पाजून वाटेला लावतात.

घरी काडतुसे भरणे हा तिकडे अनेक घरांतला हिवाळ्याचा उद्योग आहे. पितळेचे पुंगळे पुन्हा पुन्हा वापरता येते, नवी टोपी, मोजून दारू आणि ओतलेली गोळी घातली की झाले. पैसा वाचतो यात वाद नाही. पण जड गोळीच्या बाबतीत दोन गोष्टी चुकवून चालत नाही. एक म्हणजे पुंगळ्याचे तोंड गोळीभोवती घट्ट आवळले पाहिजे. आडव्या नळीत स्प्रिंग पुढून मागे रेटते, वरून प्रत्येक बाराचा हिसका बसतो. सैल गोळी मागे सरकत पुंगळ्यात बुडते, आणि दाब कसा वाढतो ते वर पाहिलेच. दुसरी गोष्ट नाकाची. या नळीत एका काडतुसाच्या गोळीचे नाक पुढच्या काडतुसाच्या टोपीला टेकून असते. नाक चपटे असेल तर भार पसरतो. टोकदार गोळी घातली तर ती पुढच्याची टोपी ठोकणारी खिळीच झाली. धक्क्याने एक उडाले तर हाताखालीच उडेल. म्हणून पिस्तुलाच्या चपट्या गोळ्या या रायफलीला मानवतात.

आणि धक्का? रायफल अडीच ते तीन किलोची, दस्त्याच्या बुडाला पुष्कळदा लोखंडी वाकडी पट्टी. नेहमीच्या काडतुसाचा धक्का पोरासोरांनाही सोसतो. पूर्ण दारूची ३०० ग्रेन मात्र खांदा सुजवते. दहा-पंधरा बार झाले की माणूस नकळत डोळे मिटायला लागतो आणि नेम जातो. रायफलीलाही ते सोसत नाही. नळीखालच्या नळीचे पट्टे सरकतात, स्क्रू ढिले होतात, लाकडाला सांध्यापाशी चीर जाते. अशी काडतुसे महिन्याला मूठभर उडवणाऱ्याची रायफल नातवापर्यंत पोचते. रोज उडवणाऱ्याची सुताराकडे.

आमचे मत विचाराल तर टेक्सासच्या शेतकऱ्याला बाराही महिने २४० ग्रेन पुरते. .४४ ची ही गोळी शंभर-सव्वाशे यार्डांच्या आत आपले काम चोख करते. दीडशेच्या पुढे ती झपाट्याने खाली पडते, आणि जड गोळी तर त्याआधीच. लांबच्या नेमाचे हे हत्यार नव्हे. सपाट, दाट वस्तीच्या शेतमुलखात हाच तिचा गुण ठरला. इंडियाना राज्यात हरणाच्या शिकारीला रायफलीला बंदी होती, गोळी मैलोगणती जाऊन कोणाच्या ओसरीत शिरू नये म्हणून. तिथे २००७ पासून पिस्तुली काडतुसांच्या रायफलींना मोकळीक मिळाली. ओहायोने २०१४ मध्ये सरळ पुंगळ्याच्या काडतुसांना परवानगी दिली. मात्र कडक जड गोळी डुकराच्या आरपार जाते, हे विसरता येत नाही. मागे बांध आहे की गोठा, हे पाहूनच बार काढायचा असतो. बाकी, बंदुकीने डुकरे हटत नाहीत हेही तिकडच्या कृषी विस्तार खात्याचे लोक सांगून थकले आहेत. एक पडले की कळप शहाणा होतो आणि रात्रीचा येऊ लागतो. मक्याचे आमिष ठेवून अख्खा कळप एका वेळी कोंडणारे मोठे जाळीचे कोंडवाडेच खरे काम करतात. रायफल लागते ती त्यानंतर, कोंडवाड्याच्या दाराशी, आणि तिथे नेहमीची गोळीसुद्धा जास्तच होते.

तरी एखाद्याच्या रानात फार मोठा नर माजला असेल आणि जड गोळीवाचून त्याचे समाधान होत नसेल, तर त्याने पैसे घालण्याआधी आपल्या रायफलीचा पीळ स्वतः मोजावा. खर्च काही नाही. रायफल रिकामी आहे याची दोनदा खात्री करायची, दट्ट्या मागे घ्यायचा. सळईच्या टोकाला घट्ट बसेल असे कापड लावून ती नळीच्या तोंडातून आत घालायची, सळईवर खूण करायची आणि तिला तिच्या मर्जीने फिरू द्यायचे. खूण अर्धा फेरा फिरेपर्यंत सळई किती इंच आत गेली ते मोजून दुप्पट केले की पीळ कळला. मग जड गोळीची पाचच काडतुसे आणायची. पन्नास यार्डांवर, मागे मातीचा भक्कम बांध असेल अशा जागी, पुठ्ठ्यावर कोरा कागद चिकटवायचा आणि सावकाश पाच बार काढायचे. जवळ जाऊन भोके पाहायची. भोक स्वच्छ गोल असेल तर गोळी नाक पुढे करून आली. भोक लांबट, कुलपाच्या किल्लीच्या भोकासारखे असेल तर ती आडवी पडून कागदातून गेली. त्या नळीला ती गोळी मानवत नाही.